कंदव्याचं तळं आणि शरदातली काशी

गंगेचा पूर ओसरला की काशीच्या घाटांवर एकच काम सुरू होतं, गाळ काढण्याचं. 1978च्या सप्टेंबरात नदी 73.90 मीटरपर्यंत चढली होती, म्हणजे धोक्याच्या पातळीपेक्षा अडीच मीटरहून अधिक. एवढा पूर क्वचितच येतो, पण खालच्या पायऱ्या दर पावसाळ्यात बुडतात आणि आश्विनात पाणी उतरलं की त्यांच्यावर काही फूट चिखल साचलेला असतो. पंपांनी पाण्याचे जोरदार फवारे मारून तो धुऊन काढतात. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला काशीत देवदिवाळी होते, त्याआधी घाट स्वच्छ करायचे असतात. त्यामुळे कोजागरीच्या सुमारास काशीला पोचलेल्या प्रवाशाला घाटांवर बरेचदा गढूळ पाणी आणि ओला गाळच दिसतो.

त्याच दिवसांत शहराच्या नैर्ऋत्येला, बनारस हिंदू विद्यापीठाच्या पलीकडे कंदवा नावाच्या गावात एक तळं पावसाच्या पाण्यानं भरलेलं असतं. चारही बाजूंनी दगडी पायऱ्या, काठावर जुनी धर्मशाळा आणि समोर कर्दमेश्वराचं मंदिर. घाटांवर गर्दी असते, त्याच वेळी इथं गावातल्या बायका, गुरं आणि दर्शनाला आलेली चार माणसं एवढीच वर्दळ असते. मराठी यात्रेकरूंच्या गाड्या इथं फारशा थांबत नाहीत. विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव, गंगाआरती, सारनाथ आणि परतीची गाडी असा त्यांचा ठरलेला क्रम. कंदवा त्यात बसत नाही, आणि ही मोठीच चुकामूक आहे, कारण काशीतलं आज उभं असलेलं सर्वांत जुनं मंदिर अभ्यासकांच्या मते इथलंच आहे.

काशीवर आणि कनौजवर गाहडवाल घराण्याचं राज्य होतं, त्या बाराव्या शतकाच्या सुमाराची ही वास्तू. गोविंदचंद्र हा त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला राजा. 1194 साली कुतुबुद्दीन ऐबकाच्या सैन्यानं काशी लुटली, पुढे 1669 मध्ये औरंगजेबाच्या हुकमानं विश्वनाथाचं देऊळ पाडलं गेलं. आजचं विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास उभारलेलं, आणि घाटांवरचे बहुतेक वाडे-देवळंही अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली. या सगळ्या उलथापालथीत शहरापासून तीन कोसांवरचं हे दगडी देऊळ तगून राहिलं. बाहेरच्या भिंतींवर ब्रह्मा, विष्णू, उमा-महेश्वर अशा मूर्ती आहेत. सकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा त्यांचे दागिने आणि वस्त्रांच्या चुण्या उठून दिसतात. हेमाडपंती देवळं पाहिलेल्या माणसाला हे शिल्प परकं वाटणार नाही, पण शिखराची नागर घडण वेगळी आहे आणि ती सावकाश पाहावी लागते.

इथं एवढं मोठं तळं का, या प्रश्नाचं उत्तर पंचक्रोशी यात्रेत आहे. ही काशीची प्रदक्षिणा. मणिकर्णिका घाटावर स्नान आणि संकल्प करून यात्रेकरू निघतात, काशी सतत उजव्या हाताला ठेवतात आणि पाच मुक्काम करून पुन्हा मणिकर्णिकेला येतात. परंपरेच्या हिशेबानं कंदवा तीन कोस, तिथून भीमचंडी पाच, रामेश्वर सात, शिवपूर चार, कपिलधारा तीन आणि परत मणिकर्णिका तीन, असे पंचवीस कोस. वाटेत 108 देवस्थानं. या मार्गाचा आयुष्यभर अभ्यास केलेले बनारस हिंदू विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ राणा पी. बी. सिंह यांनी त्यातलं एकेक स्थान नकाशावर नोंदवलं आहे.

अनवाणी चालणाऱ्या हजारो माणसांना मुक्कामाला काय लागतं? अंघोळीला, स्वयंपाकाला, प्यायला पाणी आणि पाठ टेकायला ओसरी. म्हणून मुक्कामाच्या गावी तळं, विहीर आणि धर्मशाळा हे तिन्ही एकत्र आढळतात. रामेश्वरला वरुणा नदीच आहे, बाकीच्या ठिकाणी बांधलेली कुंडं. यातली बरीचशी बांधकामं एका बाईच्या नावावर आहेत. आज बांगलादेशात असलेल्या नाटोरच्या राणी भवानी या अहिल्याबाईंच्या समकालीन. काशीतलं दुर्गाकुंडाजवळचं दुर्गामंदिर त्यांनी बांधलं, कंदव्याच्या कुंडाला पायऱ्या बांधल्या, भीमचंडीचं कुंड नीट केलं आणि पंचक्रोशीची वाट दुरुस्त केली. अहिल्याबाईंचं नाव मराठी माणूस काशीत पावलोपावली ऐकतो. राणी भवानींचं नाव मात्र इथं येऊन तळ्याच्या पायरीवर बसल्याशिवाय कळत नाही.

पंचक्रोशीला खरी गर्दी होते अधिक महिन्यात आणि महाशिवरात्रीला. शरदात ही वाट रिकामी असते, आणि पाहायला हाच काळ चांगला. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडू लागलेलं असतं, गंगेच्या वाळवंटात कांस गवताचे पांढरे तुरे डोलत असतात, आणि कापणीला ऑक्टोबरच्या अखेरीपासून सुरुवात होते. तारखा ठरवताना एक लक्षात ठेवावं: उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे काशीचा कार्तिक कोजागरीच्या दुसऱ्याच दिवशी लागतो, तेव्हा आपल्याकडे आश्विन वद्य चालू असतं. दोन्ही पंचांगांत शुक्ल पक्ष एकच, वद्य पक्षाचं नाव तेवढं बदलतं. दिनदर्शिका पाहून निघालेले अनेक मराठी लोक याच घोळामुळे एखादा मेळा चुकवतात.

गावातलं तळं पूजेपुरतं असतं तर एवढं टिकलं नसतं. पूर्व उत्तर प्रदेशातल्या तळ्यांत शरदातलं मुख्य पीक म्हणजे शिंगाडा. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याचे वेल तळ्यात लावतात. लांब देठांवर चौकोनी पानांची चकती पाण्यावर तरंगते, छोटी पांढरी फुलं येतात आणि फळं पाण्याखाली धरतात. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत तोडणी चालते. मल्लाह, कहार समाजातली माणसं छोट्या डोंगीतून किंवा छातीभर पाण्यात उतरून एकेक वेल उलटतात, पिकलेलं फळ खुडतात आणि वेल पुन्हा पाण्यावर ठेवतात. दिवसचे दिवस गार पाण्यात उभं राहण्याचं हे कष्टाचं काम आहे. बाजारात हिरवे कोवळे शिंगाडे कच्चे खातात, काळे पडलेले उकडून विकतात आणि वाळवलेल्यांचं पीठ आपल्याकडच्या उपासाच्या डब्यात येतं. मराठी घरातल्या शिंगाड्याच्या पिठाचा हा मागचा भाग फार थोड्यांनी पाहिलेला असतो.

आणि इथं एक धागा थेट विदर्भाशी जुळतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतले मालगुजारी तलाव सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक. ते बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलावही परंपरा कोलू पाटील कोहळी यांच्या नावे सांगते. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोहळींची एक दंतकथा नोंदलेली आहे: चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, एक गोंड राजा काशीला गेला होता, तिथली पाणी अडवण्याची कला पाहून परतताना तो या लोकांना सोबत घेऊन आला. दंतकथा म्हणजे पुरावा नव्हे. तरी या झाडीपट्टीच्या माणसांनी आपल्या तलावांचं मूळ काशीच्या परिसरात शोधावं, हे विलक्षण आहे. तिथंही शिंगाडा होतो, तिथला ढिवर समाज तो काढतो, आणि हंगामही जवळपास हाच.

काशी शहर स्वतःच एकेकाळी तळ्यांचं शहर होतं. मत्स्योदरी, मंदाकिनी, बेनिया अशी मोठी सरोवरं वस्तीच्या मधोमध होती. गंगेला मोठा पूर आला की पाणी वरुणेतून उलटं शिरून मत्स्योदरीपर्यंत पोचे आणि त्या योगावर स्नानाला झुंबड उडे. गोदावरी नावाचा एक ओढाही आजच्या गोदौलिया चौकातून वाहत गंगेला मिळत असे. 1820 च्या दशकात टांकसाळीचा अधिकारी जेम्स प्रिन्सेप यानं शहराचा नकाशा केला, भूमिगत नाला खोदला आणि ही पाणथळ ठिकाणं कोरडी करून घेतली. रोगराई कमी व्हावी, हा त्यामागचा हेतू. मैदागिन या गजबजलेल्या चौकाच्या नावात आता मंदाकिनीची खूण तेवढी उरली आहे. शहरातलं पाणी गेलं, कडेच्या गावांतलं राहिलं.

ते किती दिवस राहील, हा आजचा प्रश्न आहे. कंदव्यापर्यंत शहर येऊन भिडलं आहे. भाताच्या खाचरांच्या जागी प्लॉट पडले, तळ्याकडे येणारे पावसाच्या पाण्याचे जुने उतार भिंतींनी अडले. कुंडाच्या पायऱ्या दुरुस्त करून काठावर दिवे लावले की काम झालं असं समजणं घातक आहे. पाणी जिथून येतं तो परिसर मोकळा राहिला नाही, तर दगडी पायऱ्यांच्या आत सांडपाणीच साचणार. 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं हिंच लाल तिवारी खटल्यात गावतळी ही सर्वांची सामायिक मालमत्ता आहे आणि ती राखलीच पाहिजेत असा निकाल दिला. तो खटला उत्तर प्रदेशातल्याच एका गावच्या तळ्यावरून उभा राहिला होता. निकाल आहे, तरीही तळी बुजतात. ज्या तळ्याचा कुणाला तरी रोजचा उपयोग आहे, तेच टिकतं, आणि कार्तिकात हे स्पष्ट दिसतं.

दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ. चतुर्थीला नहाय-खाय, पंचमीला खरना, मग सुमारे छत्तीस तास पाण्याचा थेंबही न घेता षष्ठीला मावळत्या आणि सप्तमीला उगवत्या सूर्याला अर्घ्य. त्यासाठी कमरेइतक्या पाण्यात उभं राहावं लागतं, म्हणून त्याआधी आठवडाभर गावोगावच्या तळ्यांची सफाई चालते. शेवाळ ओढतात, काठ खरवडतात, प्रत्येक घर मातीची लहान वेदी बांधून आपली जागा राखून ठेवतं. सुपांत ऊस, केळीचे घड, ठेकुआ, नारळ आणि त्याच तळ्यांतले शिंगाडे. रेल्वे इंजिन कारखान्याच्या वसाहतीतल्या सूर्य सरोवरावर तर हजारोंची गर्दी होते. वर्षभरात सरकारी यंत्रणेला जे जमत नाही, ते व्रत करणाऱ्या बायका आठ दिवसांत घडवून आणतात.

पुढचा मेळा रामेश्वरचा. काशीच्या पंचांगात अगहन वद्य षष्ठी, आपल्या पंचांगात कार्तिक वद्य षष्ठी, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा सहावा दिवस. या मेळ्याला लोटा-भंटा म्हणतात. भंटा म्हणजे वांगं. लोक वरुणेत स्नान करतात, रामानं मूठभर वाळूतून स्थापलेल्या शिवलिंगाचं दर्शन घेतात आणि नदीकाठी गोवऱ्या पेटवून बाटी-चोखा करतात. निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे आणि भाजलेल्या वांग्या-बटाट्याचं लसूण-मिरची घातलेलं भरीत. देवाला नैवेद्य त्याचाच. खानदेशातल्या माणसाला हे जेवण घरचंच वाटेल.

वेळ असेल त्यानं शेवटच्या दोन मुक्कामांनाही जावं. शिवपूरच्या द्रौपदी कुंडावर तोडरमलाच्या काळातला 1589 चा शिलालेख आहे. कपिलधारेचं तळं शहराच्या ईशान्येला. काशीखंडातली कथा अशी, की दिवोदास राजामुळे काशीबाहेर राहावं लागलेला शिव परत आला तेव्हा गोलोकातल्या गाईंच्या दुधानं हे सरोवर भरलं. इथं पितरांचं श्राद्ध करतात, आणि इथून पुढे यात्रेकरू वाटेवर जव पेरत जातात.

मराठी माणसाचं काशीच्या कार्तिकाशी नातं जुनं आहे. एकनाथांनी भागवतावरची आपली टीका काशीतच पूर्ण केली. शके 1495, कार्तिक शुद्ध पौर्णिमा, अशी मिती त्यांनीच ग्रंथाच्या अखेरीस नोंदवली आहे. पंचगंगा घाटावर अहिल्याबाईंचा दगडी हजारा दीपस्तंभ आहे आणि कार्तिकभर तिथं उंच बांबूंवर वेताच्या टोपल्यांतून पितरांसाठी आकाशदिवे टांगतात. जवळच ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. त्या घाटांवर जायलाच हवं.

पण तीन दिवस काशीत असाल तर त्यातली एक सकाळ कंदव्यासाठी राखून ठेवा. विद्यापीठाच्या लंका फाटकाजवळ रिक्षा मिळते. उजाडताच पोचा, आधी मंदिराच्या बाहेरच्या भिंती पाहा, मग तळ्याला एक फेरी घाला. हंगाम असेल तर शिंगाडे काठावरच्या विकणाऱ्याकडूनच विकत घ्या, आणि फुलांची प्लास्टिकची पिशवी पाण्यात सोडू नका.