आपल्याला गोड, कोळंबीला घातक : खाऱ्या टाकीचं पाणी निवडताना



शोभेचे मासे म्हटले की गप्पी, मोली, गोल्डफिश असे गोड्या पाण्यातले मासे डोळ्यांपुढे येतात. पण समुद्रातल्या प्रवाळांच्या आसऱ्याला राहणारे मासे आणि कोळंबीही टाकीत वाढवता येतात. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिथल्या बायकांना शोभेची कोळंबी वाढवायला शिकवलं आहे. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिशही आपल्या देशातल्या संशोधन केंद्रांत अंड्यापासून वाढवला जातो.

अगत्तीच्या बायकांच्या दाराशी स्वच्छ समुद्र आहे. आपल्याकडे नळ, विहीर, बोअर आणि फार तर खाडी. टाकी, पंप, दिवा यांवर पैसे घातले आणि पाणी चुकलं, तर चार दिवसांत मासे जातात आणि कर्जाचा हप्ता तेवढा मागे राहतो. म्हणून आज फक्त पाण्याबद्दल बोलू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपण पितो ते पाणी या जिवांना चालेलच असं नाही. ग्रामपंचायत टाकीत किंवा विहिरीत टीसीएल पावडर टाकते, त्यातल्या क्लोरीनमुळे रोगजंतू मरतात. तोच क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. उघड्या भांड्यात हवेचा पंप लावून पाणी दिवसभर ठेवलं तर साधा क्लोरीन बराचसा उडून जातो. पण पाण्यात विरघळलेलं बाकीचं तसंच राहतं. बोअरच्या पाण्यात शेतातल्या खताचं नायट्रेट असू शकतं, लोह असू शकतं. नायट्रेट आणि फॉस्फेट वाढलं की टाकीत शेवाळ माजतं. पाणी उकळल्यानं हे जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते अधिक दाट होतं. तुरटी फिरवल्यानं गाळ खाली बसतो, विरघळलेले क्षार बसत नाहीत.

सगळ्यात जपायचं ते तांब्यापासून. तांब्याच्या कळशीतलं पाणी आपल्याला चांगलं मानतात, पण कोळंबीला आणि प्रवाळाला अगदी थोडं तांबंही मारतं. म्हणून तांब्या-पितळेची भांडी या कामाला लावू नका. पाणी खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या पिंपात भरा. हल्ली घरगुती आरओच्या काही यंत्रांत शुद्ध केलेल्या पाण्यात मुद्दाम तांबं आणि क्षार मिसळतात. यंत्रावर ‘कॉपर’ किंवा ‘मिनरल’ लिहिलेलं असेल तर ते पाणी टाकीत नको. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं. कोळंबी असलेल्या टाकीत ती घालू नका.

मग कुठलं पाणी घ्यायचं? क्षार परत न मिसळलेलं आरओचं पाणी घ्या. ते पुढे डीआय नावाच्या गाळणीतून काढलं तर फारच उत्तम. टीडीएस मीटर बुडवून पाहा. आकडा शून्याच्या जवळ, निदान दहाच्या आत हवा. गावातल्या पाण्याच्या एटीएमचं पाणीही आधी मोजून पाहा, कारण पिण्यासाठी त्यात बरेचदा क्षार राखलेले असतात. आरओतून वाया जाणारं पाणी फेकू नका, भांडी आणि फरशी धुवायला वापरा.

या पाण्यात घालायचं मीठ स्वयंपाकाचं नव्हे. मिठागराचं खडे मीठही नको. मिठागरात मीठ खडा धरतं, तेव्हा समुद्रातलं बरंचसं मॅग्नेशियम खाली उरलेल्या पाण्यात राहून जातं. मत्स्यालयासाठी वेगळं सागरी मीठ मिळतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे योग्य प्रमाणात असतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मिठात थोडी ओल असते, म्हणून लिटरला 35 ते 40 ग्रॅम मीठ लागतं. नेमकं प्रमाण पाकिटावर पाहा. मीठ वेगळ्या बादलीत, पंप लावून, आदल्या दिवशी विरघळवा. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधी टाकू नका. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरवर 35, म्हणजे घनता 1.025 ते 1.026, आला की पाणी तयार झालं.

किनाऱ्यावरच्या मैत्रिणी विचारतील, समुद्राचंच पाणी आणलं तर? चालेल, पण जागा आणि वेळ पाहून. नदीचं किंवा खाडीचं मुख, जेटी आणि डिझेलच्या होड्या यांपासून लांब, भरतीच्या वेळी भरा. पावसाळ्यात नको, कारण तेव्हा पाणी गढूळ असतं आणि खारेपणा उतरलेला असतो. आणलेलं पाणी दाट कापडातून गाळा, झाकून अंधारात काही दिवस निवळू द्या आणि खारेपणा मोजूनच वापरा.

आता रोजची काळजी. टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी होतं, मीठ मात्र आतच राहतं. आमटी आटून खारट झाली तर आपण तिच्यात पाणी घालतो, मीठ नाही. इथेही तसंच. टाकीत 80 लिटर पाणी असेल आणि त्यातलं आठ लिटर उडालं, तर खारेपणा 35 वरून जवळजवळ 39 वर जातो. अशा वेळी खारं पाणी ओतलं तर तो फारसा खाली येत नाही, आणि असं तीनदा झालं की 45 च्या वर जातो. म्हणून टाकीवर खूण करा आणि कमी झालेलं पाणी रोज शुद्ध गोड्या पाण्यानं भरा. टाकी लहान असेल तेवढा हा फरक लवकर पडतो. आठवड्यातून एकदा मात्र दहावा हिस्सा पाणी काढून त्या जागी तयार केलेलं खारं पाणी घाला.

नवी टाकी भरली की लगेच मासे सोडू नका. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे सूक्ष्म जीव वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीच्या संचात अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्यावरच मासे आणा.

आणि शोभेसाठी समुद्रातून प्रवाळ तोडून आणू नका. कठीण प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाइतकंच संरक्षण आहे. क्लाऊनफिश सिरॅमिकच्या दगडांतही छान राहतो.

गटानं एक वही घालावी. तारीख, खारेपणा, पाण्याची उष्णता, किती पाणी भरलं, हे ज्या बाईची पाळी असेल तिनं लिहावं. नवीन पाणी आधी बादलीत तपासावं, मगच टाकीत घालावं. टाकीत बिघडलेलं पाणी निस्तरणं महाग पडतं. बादलीतलं बिघडलं तर नुसतं ओतून देता येतं.