फोनमधील लिनक्स : नाव आणि हक्क

आपल्या फोनमध्ये लिनक्स आहे, लिनक्स मुक्त आहे, म्हणून आपला फोनही मुक्त आहे, असे पुष्कळ सुशिक्षित मंडळी समजतात. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु त्यात दोन निराळे प्रश्न एकत्र गुंतलेले आहेत आणि ते सोडवून पाहणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न, फोनमध्ये लिनक्स आहे काय? काटेकोर अर्थाने लिनक्स म्हणजे केवळ कर्नेल, म्हणजे प्रोसेसर, स्मृती, पडदा यांची कामे वाटून देणारा गाभा. हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली प्रसिद्ध केला. संगणकावर ज्याला आपण लिनक्स म्हणतो, त्यात या गाभ्याभोवती बहुधा ग्नू प्रकल्पाची साधने असतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी हा प्रकल्प १९८३ साली जाहीर केला होता. २००८ साली फोनमध्ये आलेल्या अँड्रॉइडने गाभा घेतला, पण भोवतालचा संसार स्वतःचा मांडला. तेव्हा अँड्रॉइड हे गाभ्यापुरते लिनक्सच होय. आयफोनचा गाभा मात्र लिनक्सचा नव्हे. तो माख आणि बीएसडी या निराळ्या घराण्यांतला आहे.

आता दुसरा प्रश्न, फोन मुक्त आहे काय? येथे जवळचेच उदाहरण घेऊ. बोनकोड्यापासून थोड्या अंतरावर, घणसोलीत, रिलायन्सचे विस्तीर्ण संकुल आहे. या उद्योगाने २०१७ साली दीड हजार रुपये परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओफोन बाजारात आणला. त्यात कायओएस ही प्रणाली होती. ती मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसपासून निघालेली, आणि तिचा गाभाही लिनक्सचाच. परंतु म्हणून जिओफोन घेणाऱ्याला त्यातील प्रणाली हवी तशी बदलून पुन्हा फोनमध्ये घालता येत होती काय? उत्पादकाने तशी मोकळीक ठेवली नव्हती.

नवी मुंबईकरांना हा भेद लवकर उमजेल. सिडकोच्या पुष्कळ भूखंडांवर घर आपले असते, पण जमीन भाडेपट्ट्याची असते. फोनमध्ये हेच उलट घडते. पाया सर्वांचा, पण वरच्या मजल्यांच्या किल्ल्या कंपनीकडे.

हे शक्य होते ते परवान्यांमुळे. लिनक्सचा गाभा जीपीएल परवान्याखाली आहे. जो तो फोनमध्ये घालून विकतो, त्याने गाभ्याची मूळ आज्ञावली ग्राहकाला उपलब्ध करून दिलीच पाहिजे. अँड्रॉइडचा वरचा बराचसा भाग अपाचे परवान्याखाली आहे. तो कोणीही घ्यावा, बदलावा, आणि केलेले बदल झाकून ठेवावेत, अशी त्यात मुभा आहे. शिवाय गूगलचे ॲप-भांडार, नकाशे इत्यादी तर मुळातच बंदिस्त आहेत.

कागदावरचे स्वातंत्र्य करारानेही आखडते. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइडची निराळी आवृत्ती काढण्यास फोन-उत्पादकांना करारांनी अडवले जाते, हा त्या निर्णयातील एक मुद्दा होता. २०२३ साली अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला.

म्हणून नाव पाहू नये, हक्क पाहावेत, असे आम्ही सुचवतो. आज्ञावली वाचता येते काय? बदलता येते काय? बदललेली दुसऱ्याला देता येते काय? आणि ती आपल्याच फोनमध्ये घालता येते काय? पहिल्या तिन्ही प्रश्नांना होकार मिळूनही चौथ्याला नकार मिळाला, तर ग्राहकाच्या हाती फारसे काही उरत नाही. बँक, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन ही सारी कामे आज फोनवर येऊन बसली आहेत. कंपनीने सुधारणा पाठवणे थांबवले की धडधाकट फोनही असुरक्षित होतो, आणि तो दुरुस्त करण्याची किल्ली मालकाजवळ नसते. गाभा लिनक्सचा आहे ही आनंदाची गोष्ट खरी, परंतु फोन विकत घेताना चौथा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा.