कोयता : पैसे पोलादाचे की पाण्याचे?

हंगामाच्या तोंडावर बाजारात कोयत्यांचे ढीग लागतात. समजा एक कोयता दोनशे रुपयांना आहे आणि शेजारचाच पाचशेला. दिसायला दोन्ही सारखे. दुकानदार म्हणतो, "याचं पोलाद वेगळं आहे." तर हे वरचे तीनशे रुपये खरोखर पोलादाचे आहेत काय, हे या लेखात पाहू.

कोणी म्हणेल, कोयता तोडणी मजुराचा, तो आपल्या पैशाने आणतो, त्यात सभासदाचे काय गेले? गेले ते असे. धार गेली की हात आपोआप वर सरकतो. एका घावात तुटायचा ऊस दोन-तीन घावांत तुटतो आणि जमिनीत बोटभर नव्हे, चांगला वीतभर बुडखा राहतो. अडीच मीटर उंचीच्या तोडणीयोग्य उसात नुसता पाच सेंटीमीटर बुडखा राहिला तरी दोन टक्के ऊस रानात राहिला. एकरी ४० टनांत हे ८०० किलो झाले. बुडखा जाड असतो, म्हणजे वजनात थोडे जास्तच धरा. टनाला ३,००० रुपये धरले तर एकरी २,४०० रुपये. शिवाय पिकलेल्या उसाची साखर बुडख्याकडच्या कांड्यांतच जास्त, आणि पिंजलेल्या बुडख्यावरचा खोडवाही नेटका फुटत नाही. मजूर कोयत्याला पैसे देतो, बोथट कोयत्याचा दंड मात्र आपण भरतो.

आता पोलादाकडे वळू. लोखंडात कार्बन किती, यावर सगळा खेळ आहे. खिडकीचे गज, पट्ट्या यांचे साधे मऊ लोखंड म्हणजे कार्बन ०.२५ टक्क्यांच्या आत. ते कितीही तापवून पाण्यात बुडवा, धार धरण्याइतके कडक होत नाही. ट्रकच्या पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के आणि जोडीला मँगनीज, सिलिकॉन. म्हणूनच आपले लोहार जुना पाटा हातचा सोडत नाहीत. मात्र वर्षानुवर्षे ओझे वाहिलेल्या पाट्यात बारीक भेगा असू शकतात. असा कोयता ऐन तोडीत मोडतो. चकचकीत न गंजणाऱ्या पोलादाचे म्हणाल, तर ज्याची ताटे-वाट्या करतात ते पाणी देऊन कडक होतच नाही. तो कोयता देव्हाऱ्यात ठेवायला बरा.

पण नुसते चांगले पोलाद घेऊन भागत नाही. त्याला पाणी कसे दिले, हे त्याहून मोठे. पाते लालबुंद, म्हणजे आठशे अंशांच्या पुढे तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळ. मग ते पुन्हा हलके तापवून कडकपणा थोडा उतरवावा लागतो. जाणता लोहार घासलेल्या पात्यावरचा रंग बघतो. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कोयत्याला तपकिरी-जांभळ्याच्या आसपास, म्हणजे २६० ते २८० अंशांला थांबलेले बरे. पिवळ्यावर थांबला तर दगडाला लागताच धारेचा तुकडा उडतो. निळ्याच्याही पुढे गेला तर धार वळते. हा रंग ओळखणे क्षणाचे काम आहे आणि पाचशेपैकी खरे पैसे द्यायचे ते या नजरेचे.

बाजारात ओळखायचे कसे? लोक कोयता वाजवून बघतात. आवाजावरून फार तर भेग कळेल, पोलाद कळणार नाही. लोहचुंबकही उपयोगाचे नाही. मऊ लोखंड आणि पाट्याचे पोलाद, दोन्हींना ते सारखेच चिकटते. खिशात छोटी कानस ठेवा. धारेवर हलकेच फिरवली आणि ती लोण्यात शिरल्यासारखी शिरली, तर तो कोयता मऊ. घसरू लागली तर पाणी आहे. दुकानदार कुरकुर करील, करू द्या.

मी स्वतः एकदा असाच कानशीच्या कसोटीला उतरलेला महाग कोयता घेतला आणि धार लावायला विजेच्या चक्रावर दिला. त्या माणसाने कोरडाच दाबून धरला. ठिणग्या सुरेख उडाल्या आणि धारेवर निळी झाक आली. निळी झाक आली तिथले पाणी उतरले. आठ दिवसांत त्याची गत दोनशेच्या कोयत्यासारखी झाली. चक्रावर धरायचाच तर घडीघडीला पाण्यात बुडवून धरावा. खरे तर रानात कानस आणि घरी सहाण, एवढ्यावर हंगाम निघतो.

तेव्हा मऊ लोखंड सोडून पाट्याच्या दर्जाच्या, नीट पाणी दिलेल्या कोयत्याला तीनशे रुपये जास्त द्यावेत. शंभर दिवसांच्या तोडीत ते दिवसाला तीन रुपये पडतात आणि जोडपे दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. त्याच्याही वरचे, भारी मिश्र पोलादाचे म्हणून हजारावर सांगतात, त्याचे पैसे उसात वसूल होत नाहीत. आपला कोयता मातीलगत चालतो, खडा-वाळू लागतेच. तिथे अति कडक धार तुटते आणि कानशीने लवकर लागतही नाही. इथे कडकपणापेक्षा चिवटपणा हवा.

आणि जे सभासद टोळीला चहापाणी देतात, त्यांनी फडावर एक चांगली कानसही ठेवावी. दुपारच्या भाकरीनंतर कोयत्यांना एकदा धार लागली की संध्याकाळचे बुडखे बघा.

बेणे तोडायचा कोयता मात्र वेगळा ठेवा. खोडवा खुजा करणारा रोग कोयत्यावरून एका उसातून दुसऱ्यात जातो, मग पोलाद कितीही किमतीचे असो. एका रानातून दुसऱ्यात जाताना पाते जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून घ्यावे. काही जण पाते जाळावर धरतात. तसे करू नये. रोग मरेल, पण लोहाराने दिलेले पाणीही उतरेल.