पागेत तडकलेली पितळ

कवठे महांकाळकडच्या एखाद्या बंद गोठ्यात पहाटे शिरलात, तर नाकाला झोंबणारा एक दर्प येईल. तो अमोनिया वायूचा. जनावरांच्या मूत्रातील युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि हा वायू सुटतो. याच वायूने एके काळी हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेला कोड्यात टाकले होते.

त्या काळी बंदुकीची काडतुसे कित्येकदा घोड्यांच्या पागांत साठवीत. पावसाळ्यात पाहावे, तर त्यांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकलेल्या! तडकलेल्या पुंगळीतून तप्त वायू मागे सुटला, तर नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्यालाच इजा व्हायची. मग दोष पितळेचा होता काय?

पुंगळीच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. बार उडताच ती फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. लगेच ती किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. असा गुण लोखंडात सहजी साधत नाही.

पुंगळी करताना पितळेच्या चकतीची आधी वाटी करतात आणि ती दाबून, ओढून लांबवतात. थंड स्थितीत ओढलेला धातू कठीण होतो आणि त्याच्या अंगात ताण कोंडून राहतो. दमट हवेत धातूवर पाण्याचा पातळ थर बसतो. त्यात अमोनिया विरघळतो आणि हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने तांबे विरघळवू लागतो. धातूचे स्फटिककण जेथे एकमेकांना भिडतात, तेथे हा मारा अधिक होतो. सैल कापडाला टोचले तर भोकच पडते. ताणलेल्या कापडाला बारीकशी चीर दिली, तर ते टरकन फाटते. पितळेचेही तसेच झाले. नुसता ताण किंवा नुसता अमोनिया असता, तर असे तडे गेले नसते.

१९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी हे कारण स्पष्ट केले. उपायही साधा निघाला. तयार पुंगळी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत काही वेळ तापवली, की कठीणपणा फारसा न घटता ताण निघून जातो. तोंडाकडचा भाग अधिक तापवून मऊ ठेवतात. लष्करी पुंगळ्यांच्या तोंडाशी दिसणारी निळसर झाक त्याचीच खूण. वापरलेली पुंगळी पुन्हा भरली, तर दर बारागणिक तोंड कठीण होत जाते आणि शेवटी तेथे चीर पडते. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यापासून तांबट आळीपर्यंत, धातूला घडवणाऱ्या प्रत्येकाला हा ठोकण्या-तापवण्याचा हिशेब सांभाळावा लागतो.

शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करून पाहा. तांब्याची जाड तार चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवा व निवू द्या. ती सहज वाकेल. आता पुन्हा सरळ करा. जोर अधिक का लागला? तीच तार परत तापवली, तर काय होईल? उत्तर आधी वहीत लिहा आणि मगच तार तापवा.