फाशांवरचं वारजे : गच्चीवर बसलेल्यांना खाली कसं आणायचं?

वारज्यात घडणाऱ्या झोंबींच्या फासे-खेळावरच्या या सदरात आज झोंबींचे प्रकार आणि त्यांचा वेग घ्यायचा होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. माळवाडीतल्या एका गेम मास्टरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, प्रश्न त्याआधी घ्यायलाच हवा. त्यांच्या खेळाडूंनी तिसऱ्या सेशनला सोसायटीचं गेट लावलं, जिन्यात फर्निचर रचलं आणि सगळे गच्चीवर जाऊन बसले. आता खेळ पुढे कसा न्यायचा?

दार मोडून झोंबी वर पाठवू नका. खेळाडूंनी डोकं चालवलंय, त्याची शिक्षा त्यांना देऊ नये. त्यांना तहान लागू द्या.

लाइट गेली की पंप बंद, तळटाकीतलं पाणी वर चढत नाही. वरच्या टाकीतलं मात्र नळाला येत राहतं, त्यामुळे पहिला दिवस कुणाला काही जाणवत नाही. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी अंघोळ करतंय, बादली भरल्याचा आवाज गच्चीपर्यंत येतोय. खेळाडू मुख्य वॉल्व बंद करणार का? केला, तर खालच्या बिऱ्हाडांचं पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने तोडलं. संध्याकाळी जिन्यात लहान मुलाला कडेवर घेऊन एक बाई उभी राहते. त्या सेशनला एकही झोंबी लागत नाही.

पाण्याच्या हिशेबासाठी डेव्हिड ब्लॅक यांच्या ‘द ब्लॅक हॅक’ या खेळातली युक्ती वापरा. पाण्यासाठी बारा बाजूंचा फासा टेबलावर ठेवा. रोज सकाळी टाका. 1 किंवा 2 पडलं की त्याजागी दहाचा, मग आठचा, सहाचा, चारचा. चारवरही 1-2 पडलं की टाकी कोरडी. लिटर मोजायला नकोत, आणि फासा लहान होताना सगळ्यांना दिसतो.

मग तळटाकी. तिचं झाकण पार्किंगमध्ये. 20 लिटरचा जार म्हणजे 20 किलो. तो खांद्यावर असताना धावता येत नाही, हत्यारही धरता येत नाही.

तळटाकीही संपली की मुठा नदी आहेच. कॅम्पेन जुलैत ठेवा. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला; पुण्यात पूर आला आणि शहराला पाणी देणारं धरणच रिकामं झालं. वारजे खडकवासल्याच्या खालच्या अंगाला आहे. धरण भरलंय, दरवाजे उघडायला माणूस उरलेला नाही, ही बातमी रेडिओवर एकदा ऐकवा. नदीकडे जायचं की डोंगराकडे, यावर खेळाडू आपसात भांडतील. ‘झोंबिवली’ सिनेमातही रोगाचं मूळ पाण्यातच होतं, हे त्यांतल्या एखाद्याला नक्की आठवेल आणि तो उकळल्याशिवाय घोटही घेणार नाही. मग सरपण शोधणं आलं.

पुढच्या सेशनआधी एक काम करा. आपल्या सोसायटीची टाकी किती लिटरची, मुख्य वॉल्व कुठे, तळटाकीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे, हे वॉचमनला विचारून लिहून ठेवा. तुमच्या नकाशाचं पहिलं पान तेच.