पाच बोटे, आठ स्वर

पियानोच्या परीक्षेला बसणारा विद्यार्थी स्केल्सना कंटाळतो. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाच्या प्रॅक्टिकल ग्रेड परीक्षेत त्यांना 150 पैकी 21च गुण. मग रोज तेच आरोह-अवरोह कशासाठी?

वरचा षड्ज धरून सप्तकाचे स्वर आठ, हाताची बोटे मात्र पाच. अंगठा पहिला व करंगळी पाचवी मानतात. सी मेजरमध्ये उजवा हात चढताना तीन बोटे वाजवून अंगठा खालून पुढे सरकवतो आणि पाचही बोटांनी सप्तक पुरे करतो. एफ मेजरचा चौथा स्वर काळ्या पट्टीवर येतो. अंगठा आखूड, म्हणून तिथे तो चौथ्या बोटानंतर वळतो. अर्पेजिओत सा-ग-प-सा अशा उड्या असल्याने त्याला अधिक लांब जावे लागते; हिसका बसून स्वर ठळक वाजतो तो इथेच.

यास्तव आधी एकेक हात, विलंबित लयीत, बोटांचा क्रम न बदलता वाजवावा. घाईत हात चूकच पाठ करतो. नंतर दोन्ही हात जोडावेत. सी मेजरमध्ये डाव्याचे वळण उजव्यापेक्षा दोन स्वर पुढे येते, हे ध्यानी ठेवावे.

परीक्षेतील तीन रचनांना 90 गुण असतात आणि त्यांतही स्केल्स भेटतातच. मोझार्टच्या 1788 च्या सी मेजर सोनाटात त्या आरंभीच धावतात. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारे अलंकार घोटतात, तेही पुढे ताना सहज निघाव्यात म्हणूनच. एकवीस गुणांची ही मेहनत नव्वद गुणांनाही उपयोगी पडते.