दंड लावला आणि उशीर वाढला

गैरसमज : दंड बसला की लोक वठणीवर येतात.

वस्तुस्थिती : इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी १९९८मध्ये दहा पाळणाघरांची पाहणी केली. मुलांना न्यायला काही पालक उशिरा यायचे. सहा पाळणाघरांनी दहा मिनिटांहून जास्त उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशिरा येणारे पालक घटायचे तर वाढत जाऊन जवळजवळ दुप्पट झाले! आपल्यामुळे पाळणाघरातल्या ताईंना थांबावं लागतं, ही टोचणी पैसे भरल्यावर उरली नाही. दंड हा जादा वेळेचा दर झाला. पुढे दंड उठवला, तरी पालक पूर्वीसारखे वेळेवर येईनात. मला हाच भाग सर्वांत गंभीर वाटतो.

गैरसमज : बक्षिसाने मुलांची गोडी वाढते.

वस्तुस्थिती : गोडी आधीच असेल, तर ती घटूही शकते. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्केचपेनने आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना ‘चित्र काढा, प्रशस्तिपत्र देऊ’ असं आधीच सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात ही मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड टिकली. पाढ्यांचा कंटाळा असलेल्या मुलाला मात्र हा निष्कर्ष सरसकट लावू नये.

गैरसमज : लसीसाठी डाळ वाटणं म्हणजे गरिबांना लालूच, शिवाय उधळपट्टी.

वस्तुस्थिती : हा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या गावांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. काही गावांत नेमाने लसीकरण शिबिरं भरवली. आणखी काही गावांत शिबिरांच्या जोडीला दर लसीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला. पूर्ण लसीकरण झालेली मुलं यातलं काहीच नसलेल्या गावांत ६ टक्के, नुसत्या शिबिरांच्या गावांत १८ टक्के आणि डाळ मिळालेल्या गावांत ३९ टक्के आढळली. लस घेण्यात रोजगार बुडतो, बाळाला ताप येतो. फायदा मात्र डोळ्यांना दिसत नाही. मग ‘पुढच्या वेळी बघू’ होतं. घरी डाळ येणार म्हटल्यावर आजच निघायला कारण मिळतं. इथे डाळीने कुणाची टोचणी पुसली नाही, चालढकल मोडली.

उधळपट्टीचं म्हणाल, तर नर्सचा पगार आणि शिबिराचा खर्च मुलं कमी आली तरी होतोच. म्हणून पूर्ण लसीकरण झालेल्या दर मुलामागे डाळीविना ५६ डॉलर खर्च आला, डाळ देऊन २८.